परगावच्या दप्तरांतले शालों

पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, सोन नदीच्या उजव्या काठावर, शालों हे ४५ हजारांच्या आसपास वस्तीचे गाव आहे. छायाचित्रणाचा जनक निसेफोर न्येप्स इथला, म्हणून हे नाव अधूनमधून कानावर येते. गावाचा इतिहास मात्र दोन हजार वर्षांचा आहे आणि त्याची महत्त्वाची साधने गावाबाहेर पडलेली आहेत. एक नोंद रोमन सेनापतीच्या युद्धवृत्तात आहे, एक क्लूनीच्या मठाधिपतीच्या पत्रात. मध्ययुगीन जत्रांचे हिशेब दिजोंला आहेत, न्येप्सच्या कागदांचा मोठा भाग सेंट पीटर्सबर्गला आणि त्याने घेतलेले सर्वांत प्रसिद्ध चित्र अमेरिकेत टेक्सासला. हे सगळे कागद ओळीने वाचले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. शालोंबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांना शालोंकडून काहीतरी हवे होते: धान्य, भाडे, वाट, निवारा. हे वाहन बदलण्याचे गाव होते आणि माल जसा इथून पुढे गेला, तसे कागदही गेले.

पहिली नोंद ज्युलियस सीझरची. इ. स. पू. ५२ मध्ये गॉल प्रदेशात बंड पेटले, तेव्हा एडुई जमातीच्या लोकांनी काबिलोनुम म्हणजे शालोंमधून मार्कुस अरिस्तियुस या लष्करी अधिकाऱ्याला बाहेर काढले. तिथे व्यापारासाठी राहिलेल्या लोकांनाही त्यांनी हुसकले, आणि वाटेत त्या सर्वांवर हल्ला करून सामान लुटले. सीझर हे बंडाची हकीकत म्हणून सांगतो. आपल्या दृष्टीने मोलाचे आहे ते जाता जाता आलेले व्यापाऱ्यांचे नाव. रोमची सत्ता इथे पक्की होण्याआधीच रोमचे व्यापारी इथे ठाण मांडून होते. त्याच वर्षाच्या शेवटी, अलेसियाचा वेढा संपल्यावर, सीझरने आपले दोन सरदार सोनकाठी शालों आणि माकों इथे ठेवले आणि कारणही लिहून ठेवले: सैन्याचा धान्यपुरवठा. त्यांतला एक क्विंतुस किकेरो, म्हणजे प्रसिद्ध वक्त्याचा धाकटा भाऊ.

या लिखित नोंदीला नदीने दुजोरा दिला आहे. शालोंजवळ सोनच्या तळातून इटालियन दारूच्या मातीच्या उंच कुंभांचे तुकडे हजारोंनी निघाले. भूमध्य समुद्रावरून आलेली दारू ऱ्होन आणि सोनमार्गे इथवर नावेने येई आणि इथून पुढे खुश्कीने जाई. जागाही तशीच आहे. शालोंच्या थोडे वर दूब नदी सोनला मिळते आणि तिथून खाली मोठ्या नावांना पुरेसे पाणी असते. प्रवाह इतका संथ की नदी कोणत्या दिशेला वाहते हे डोळ्यांना कळत नाही, असे सीझरनेच नोंदवले आहे. उलट्या दिशेने माल ओढून न्यायला अशी नदी फार सोयीची. पुढे रोमन अमलात लियोंहून उत्तरेला निघालेला मोठा रस्ता शालोंपाशी फुटला. एक शाखा ओतँकडे, दुसरी लांग्र आणि ऱ्हाइनकडे.

धान्याचे गाव ही ओळख चारशे वर्षांनीही टिकून होती. आम्मियानुस मार्सेलिनुस या इतिहासकाराने इ. स. ३५४ च्या वसंतातला प्रसंग लिहिला आहे. सम्राट कॉन्स्टँटियस व्हालाँसला थांबला होता आणि आलामान्नी टोळ्यांवर चालून जाण्यासाठी सैन्य शालोंला जमले होते. रसद आक्वितेनमधून यायची होती. अवकाळी लांबलेला पाऊस आणि पूर यांमुळे ती अडकली. सैन्य उपाशी राहून खवळले. त्यांची समजूत काढायला रुफिनुस या बड्या अधिकाऱ्याला जिवावर उदार होऊन जावे लागले, आणि शेवटी सम्राटाचा खासगीतला कारभारी युसेबियुस सोने घेऊन आला व म्होरक्यांमध्ये ते गुपचूप वाटले गेले. आम्मियानुसला यात राजदरबाराचे डावपेच दिसतात. मला दिसतो तो धक्क्यावर धान्याची वाट पाहणारा जमाव.

सहाव्या शतकात फ्रँक राजा गोंत्राँ याने शालोंला आपले ठाणे केले आणि नदीपलीकडे सँ-मार्सेलचा मठ उभारला. त्याला पुरलेही तिथेच. हा काळ मी भराभर ओलांडतो, कारण इथे राजाबद्दलचे कागद भरपूर आणि गावाबद्दलचे तुटपुंजे आहेत. अपवाद एका ठरावाचा. इ. स. ६५० च्या सुमारास शालोंला बिशपांची परिषद भरली. तिच्या नवव्या ठरावाने क्लोव्हिस राजाच्या राज्याबाहेर गुलाम विकायला मनाई केली. मनाई करावी लागली, म्हणजे व्यापार चालू होता. ठराव साऱ्या राज्यासाठी होता, पण तो संमत झाला ते या नदीबंदरात, हे विसरू नये. दारूचे कुंभ ज्या पाण्यावरून आले, तेच पाणी माणसांच्या विक्रीचीही वाट होऊ शकत होते.

यानंतरचे पत्र मला या गावाच्या साऱ्या मध्ययुगीन कागदांत सर्वांत प्रिय आहे. पिएर आबेलार हा बाराव्या शतकातला सर्वांत गाजलेला तर्कपंडित. सँसच्या परिषदेने त्याच्या मतांचा निषेध केल्यावर तो रोमकडे दाद मागायला निघाला, पण वाटेत क्लूनीला थांबला तो थांबलाच. प्रकृती ढासळली तेव्हा मठाधिपती पूज्य पीटर याने त्याला सँ-मार्सेलला पाठवले. २१ एप्रिल ११४२ रोजी आबेलार तिथे वारला. पीटरने ही बातमी एलोईझला, म्हणजे आबेलारच्या एकेकाळच्या पत्नीला आणि आता मठाची प्रमुख असलेल्या विदुषीला, पत्राने कळवली. त्या सांत्वनपर पत्रात त्याने जागेच्या निवडीचे कारणही दिले आहे: बर्गंडीतल्या जवळजवळ सर्व भागांपेक्षा इथली भूमी अधिक रम्य आहे, आणि जागा शहराच्या जवळ असूनही मध्ये सोन वाहते. या शेवटच्या तपशिलात सगळे गाव आले. काठावर बाजार, वैद्य, वर्दळ. पाणी ओलांडले की शांतता. पीटरने पुढे आबेलारचा देह गुपचूप एलोईझच्या मठात पोहोचवला. म्हणजे तोही इथे कायमचा राहिला नाही.

तेच पाणी आठशे वर्षांनी कडक सीमा झाले. जून १९४० च्या युद्धबंदीनंतर फ्रान्सचे दोन भाग झाले आणि विभाजनाची रेषा शालोंपाशी नदीवरून गेली. उजव्या काठावरचे शहर जर्मन ताब्यात होते आणि पलीकडचा सँ-मार्सेलचा काठ व्हिशी सरकारच्या हद्दीत. पुलावर पहारा बसला. त्या काळची छापील पोस्टकार्डे फ्रान्सभर जपलेली आढळतात: ठरावीक वाक्ये आधीच छापलेली, नको ते शब्द खोडायचे, रिकाम्या जागी नाव भरायचे, यापलीकडे एका अक्षराची मुभा नाही. एरवी पुलावरून चालत जाऊन बोलता आले असते, अशा माणसांनाही एकमेकांची खुशाली या कार्डांवर कळवावी लागे.

मध्ययुगाकडे परत वळू. १२३७ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने अदलाबदलीच्या करारात शालोंची जहागीर मिळवली आणि गावाचा हिशेब दिजोंला लिहिला जाऊ लागला. वर्षाला दोन जत्रा भरत. लेंटच्या उपवासकाळाच्या सुमाराची ती थंडीची जत्रा आणि ऑगस्टअखेरची ती उन्हाळ्याची. कापड हा मुख्य माल. उत्तरेकडच्या विणकरांच्या गावांतून कापड येई, दक्षिणेकडून इटलीचे व्यापारी येत, आणि ड्यूकच्या मालकीच्या मोठ्या बाजारशाळांमधल्या जागांचे भाडे त्याच्या खजिन्यात जमा होई. व्यापाऱ्यांच्या चोपड्या फारशा उरल्या नाहीत, पण भाडे घेणाऱ्याने हिशेब जपला. आँरी द्युब्वा या फ्रेंच इतिहासकाराने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मुख्यतः याच हिशेबांवरून १२८० ते १४३० या दीडशे वर्षांचा शालोंचा व्यापार उभा केला. जत्रेचा भर कधी होता आणि ओहोटी कधी लागली, हे त्याला भाड्याच्या आकड्यांतून वाचता आले. रूक्ष आकड्यांवर इतकी वर्षे चिकाटीने काम करणाऱ्या या अभ्यासकाबद्दल मला फार आदर वाटतो. ओहोटीची कारणे गावाबाहेरची होती. जिनिव्हाच्या जत्रा वाढल्या, आणि मग फ्रान्सच्या राजांनी लियोंला जत्रांचे हक्क दिले. १४६३ मध्ये अकराव्या लुईने लियोंच्या चार वार्षिक जत्रांना मोठ्या सवलती दिल्या. सोनच्याच काठावर खाली वसलेल्या लियोंने शालोंचा बाजार ओढून नेला.

या ओहोटीच्याच काळात, १४४९ च्या नोव्हेंबरपासून जवळपास वर्षभर, नदीतल्या सँ-लोराँ बेटावर जाक द लालँ या सरदाराने द्वंद्वयुद्धाचा फड मांडला. येईल त्या सरदाराशी तो लढे. या फडाची वर्णने भरपूर सापडतात, आणि त्यांतल्या चिलखतांच्या झगमगाटात गावकरी कुठेच दिसत नाहीत. गावकऱ्यांचे काम पाहायचे तर त्याच बेटावरचे इस्पितळ पाहावे. सोळाव्या शतकात नगरवासीयांनीच ते उभारले.

बाजार गेला तरी वाहन बदलण्याचे काम उरले, आणि अठराव्या शतकात एका शालोंकराने ते पुन्हा वाढवले. एमिलाँ गोते १७३२ मध्ये शालोंला जन्मला आणि बर्गंडीचा मुख्य अभियंता झाला. सोनला लुआर नदीशी जोडणारा कालवा ही जुनी कल्पना होती. गोतेने तिचा नकाशा केला आणि १७८३ मध्ये काम सुरू झाले. शालों ते दिग्वाँ असा सुमारे ११२ किलोमीटरचा हा कालवा डोंगराचा खांदा ओलांडून जातो. पाणी अडवून नाव पायरीपायरीने वर चढवायची, माथ्यावरून पलीकडे न्यायची आणि तशीच उतरवायची. माथ्यावर पाणी पुरवायला वेगळे तलाव लागले. क्रांतीच्या धामधुमीत, १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला, कालवा वाहतुकीला खुला झाला. भूमध्य समुद्राकडून आलेली नाव शालोंला वळून अटलांटिककडे जाऊ शकली. ल क्रझोच्या कारखान्यांचा कोळसा आणि लोखंड याच पाण्यावरून शालोंला येऊ लागले, आणि १८३९ मध्ये श्नायडर कंपनीने कालव्याच्या मुखाशी जहाजबांधणीचा कारखाना घातला. समुद्रापासून इतक्या दूर, देशाच्या पोटात, तिथे पुढे टॉर्पेडो बोटी आणि पाणबुड्याही बांधल्या गेल्या.

प्रवाशांचेही तेच. १८४४ मध्ये इटलीला जाताना चार्ल्स डिकन्स शालोंला थांबला. त्याच्या प्रवासवर्णनात काठावरची चांगली खानावळ आहे आणि हिरव्या-तांबड्या रंगांच्या लहान आगबोटी आहेत. दुसऱ्या दिवशी तो त्यांतल्याच एका बोटीने लियोंला गेला. १८४९ मध्ये दिजोंकडून रेल्वे शालोंपर्यंत आली, १८५१ मध्ये थेट पॅरिसहून. लियोंपर्यंत रूळ जायला १८५४ उजाडले. मधली काही वर्षे पॅरिसचा प्रवासी शालोंला आगगाडीतून उतरून आगबोटीत बसत होता. गावाच्या धक्क्यावर तितकी गर्दी नंतर राहिली नसणार.

न्येप्स कुटुंब याच गावातले, वकिली आणि सरकारी कामे करणारे, खाऊनपिऊन सुखी. निसेफोर ७ मार्च १७६५ रोजी जन्मला. थोरला भाऊ क्लोद. गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, सँ-लू-द-व्हारेन इथे, ‘ल ग्रा’ नावाची त्यांची शेतवाडी होती. दोघांचा पहिला मोठा शोध छायाचित्रण नव्हे, नाव चालवणारे यंत्र हा होता. बंद पात्रात ज्वलनशील भुकटीचा भडका उडवायचा, हवा फुगते, ती पाणी मागे फेकते आणि नाव पुढे जाते. यंत्राचे नाव पिरेओलोफोर. सुरुवातीला त्यांनी लायकोपोडियम या वनस्पतीची बीजभुकटी वापरली, नंतर कोळसा आणि राळ. सोनमध्ये प्रवाहाच्या उलट्या दिशेने नाव चालवून त्यांनी यंत्राची परीक्षा घेतली. बेर्तोले आणि लाझार कार्नो या दोन नामांकित शास्त्रज्ञांनी डिसेंबर १८०६ मध्ये त्याबद्दल अनुकूल अहवाल दिला, आणि २० जुलै १८०७ रोजी नेपोलियनच्या सहीने दहा वर्षांचे पेटंट मिळाले. अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासातला हा अगदी आरंभीचा कागद आहे. ज्यांनी नदीवर उलट्या दिशेने ओढल्या जाणाऱ्या नावा लहानपणापासून पाहिल्या, त्यांनाच हा प्रश्न इतका जवळचा वाटला असणार, असे मला ठामपणे वाटते.

छायाचित्रणाच्या जन्माची साधने या नावेमुळेच निर्माण झाली. भाऊ एकत्र राहत होते तोवर पत्रे लिहायचे कारण नव्हते. पेटंटची मुदत संपत आली तसा क्लोद १८१६ मध्ये यंत्राला भांडवल मिळवायला पॅरिसला गेला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला. निसेफोर घरी राहिला आणि प्रयोगांची हकीकत भावाला लिहू लागला. इंजिनाच्या खटपटीने भाऊ दुरावले नसते, तर ‘ल ग्रा’मधल्या त्या खोलीत काय चालले होते ते आज आपल्याला सांगणारे कोणी नसते.

मे १८१६ ची पत्रे त्यामुळे पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतात. निसेफोर लिहितो की त्याने कॅमेऱ्याचे यंत्र कामाच्या खोलीत, पक्षिगृहासमोर, उघड्या खिडकीकडे तोंड करून ठेवले. पांढऱ्या कागदावर खिडकीतून दिसणारे पक्षिगृह उमटले. खिडकीच्या झडपाही पुसटशा दिसल्या. कागदाला चांदीचा क्षार लावलेला होता, म्हणून उजेडाचे काळे आणि सावलीचे पांढरे झाले. तक्रारही आहे: भिंग फुटले. गावात गेलो, स्कॉटीच्या दुकानात एकच भिंग मिळाले, तेही जास्त लांब नाभ्यंतराचे, मग पेटीची नळी वाढवून घ्यावी लागली. आजोबा बारो यांच्या जुन्या सौर सूक्ष्मदर्शकाची भिंगे हाती आली, आणि मुलगा इझिदोर याच्या अंगठ्या ठेवायच्या डबीचा त्याने कॅमेरा केला. महिनाअखेर त्याने काही नमुने भावाला पाठवले. त्यांतला एकही टिकला नाही. उजेडात धरले की ते काळे पडत जाणार हे त्याला ठाऊक होते.

क्लोद इंग्लंडला गेल्यावर पत्रांतले प्रयोगांचे तपशील आटतात. परदेशी जाणारे पत्र कोणी फोडले तर गुपित फुटेल, ही धास्ती होती. त्यामुळे महत्त्वाच्या वर्षांत निसेफोर मोघम लिहितो, आणि वाचणाऱ्याला आडून आलेल्या शब्दांवरून काम ताडावे लागते. इतके कळते की त्याने चांदीचे क्षार सोडून यहुदी डांबराकडे मोर्चा वळवला. लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवलेल्या या डांबराचा थर उजेडात कडक होतो. जिथे उजेड पोहोचला नाही तिथला थर तेलाने धुऊन निघतो. १६ सप्टेंबर १८२४ च्या पत्रात तो भावाला कळवतो की खिडकीतले दृश्य दगडावर अखेर हवे तसे उमटले. त्याचा आनंद त्या पत्रात लपत नाही.

कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावरचे जे चित्र आज जगात टिकलेले कॅमेऱ्याचे सर्वांत जुने चित्र मानतात, ते त्यानंतरचे, १८२६ किंवा १८२७ चे. पत्रा १६.२ सेंटिमीटर उंच आणि २०.२ रुंद आहे. डावीकडे घराचा उंच भाग, मध्ये कोठाराचे उतरते छप्पर, उजवीकडे घराची दुसरी बाजू. ऊन दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडलेले दिसते. एका क्षणी ते अशक्य आहे; सूर्य पूर्वेकडून पश्चिमेला जाईपर्यंत पत्रा उघडा होता, याचा पुरावा चित्रातच आहे. आठ तास, असे पूर्वी सांगत. अलीकडच्या प्रयोगांवरून कित्येक दिवस लागले असावेत असे दिसते.

१८२७ च्या सप्टेंबरमध्ये आजारी क्लोदला भेटायला निसेफोर लंडनजवळच्या क्यूला गेला. यंत्राच्या मागे लागून घरची मिळकत गेली होती आणि भावाचे मनही ताळ्यावर राहिले नव्हते. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८२८ मध्ये, क्लोद वारला. निसेफोरने रॉयल सोसायटीला आपला शोध सादर करण्याचा प्रयत्न केला, पण कृती गुप्त ठेवल्यामुळे तो स्वीकारला गेला नाही. निघताना त्याने पत्रा आणि टिपण क्यूमधल्या फ्रान्सिस बावर या वनस्पती-चित्रकाराला दिले. बावरने पत्र्याच्या पाठीमागे कुणाचे, काय, कधी हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. त्या नोंदीवर पुढचे सगळे उभे आहे.

मग पॅरिसचा चित्रकार दागेर. त्याच्याशी भागीदारीचा करारनामा १४ डिसेंबर १८२९ रोजी झाला आणि १३ मार्च १८३० ला शालोंच्या दप्तरात नोंदला गेला. करारात शोधक म्हणून न्येप्सचे नाव स्पष्ट आहे. ५ जुलै १८३३ रोजी न्येप्स वारला. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरच्या नावाने पद्धत जाहीर झाली तेव्हा सरकारने दागेरला वर्षाला ६,००० आणि इझिदोरला ४,००० फ्रँकचे निवृत्तिवेतन दिले. इझिदोरने १८४१ मध्ये पुस्तिका छापून वडिलांची बाजू मांडली. १८६७ मध्ये व्हिक्तोर फूक या शालोंच्याच इतिहासकाराने जमतील ती पत्रे जमवून, त्यांतले उतारे देऊन, न्येप्सचा हक्क सिद्ध करणारे पुस्तक काढले. गावाने आपल्या माणसासाठी केलेले हे सर्वांत भक्कम काम होते. धक्क्याजवळचा पुतळा त्यानंतर १८८५ चा.

कागद मात्र पांगले होते. जोसेफ हामेल या रशियन शास्त्रज्ञाने इझिदोरकडून मोठा गठ्ठा मिळवला आणि तो सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत गेला. तिथला संग्रह १९४९ मध्ये रशियात छापला गेला. बावरचा पत्रा हातोहाती जाऊन विस्मरणात पडला होता; हेल्मुट गर्न्सहाइम या संग्राहकाने १९५२ मध्ये तो शोधून काढला आणि १९६३ मध्ये तो टेक्सास विद्यापीठाकडे गेला. शालोंमध्ये १९७२ मध्ये न्येप्सच्या नावाचे संग्रहालय स्थापन झाले, ते धक्क्यावरच्या जुन्या टपाल-वाहतुकीच्या वाड्यात. कोडॅकनेही शालोंला फिल्मचा मोठा कारखाना घातला होता. डिजिटल कॅमेऱ्यांपुढे फिल्म मागे पडली आणि डिसेंबर २००७ मध्ये त्याची एक मोठी इमारत सुरुंग लावून पाडली गेली.

२००३ मध्ये मान्युएल बोने आणि जाँ-लुई मारिन्ये यांनी न्येप्सची पत्रे व कागद, शालों, पॅरिस, लंडन, सेंट पीटर्सबर्ग असे ठिकठिकाणचे एकत्र करून, दोन खंडांत प्रसिद्ध केले. प्रकाशन सँ-लू-द-व्हारेनचे. स्कॉटीच्या दुकानातले भिंग, १८२४ चा दगड आणि १८२९ चा करार आता तारखेच्या क्रमाने, घरखर्चाच्या आणि इंजिनाच्या चिंतांसह, सलग वाचता येतात.